सेकंदाचा सहस्रांश

नदीच्या पैलतीरी कोणी धुणे धूत असावे आणि आपण ऐलतीरी उभे असावे. अशा वेळी एक मौज दृष्टीस पडते. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि त्याचा आवाज मागाहून कानी येतो. प्रकाशाच्या मानाने ध्वनी फारच मंदगती आहे. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर अंतर कापतो. म्हणजे एक मीटर जाण्यास त्याला सेकंदाचे जवळजवळ ३ सहस्रांश लागतात. सेकंदाच्या सहस्रांशाला मिलिसेकंद असे नाव आहे. हे माप आपल्याला या पाठात वारंवार लागणार आहे.

मुलांनो, हा उशीर निसर्गाचा आहे आणि आपले कान व हात त्याला जन्मापासून सरावलेले आहेत. तबलजीचा कान त्याच्या तबल्यापासून फार तर पाऊण मीटर दूर असतो. थाप पडल्यापासून दोन-अडीच मिलिसेकंदांत बोल त्याच्या कानी पोचतो. तीन मीटरांवर बसलेल्या गायकाला तोच बोल ९ मिलिसेकंदांनी ऐकू येतो, आणि तरीही दोघांची सम एकाच जागी पडते. इतका अल्प विलंब मनाला जाणवतच नाही.

आता या मैफलीत संगणक येऊन बसला, म्हणजे काय होते ते पाहू. हल्ली ध्वनिमुद्रण बहुधा संगणकावरच होते. गायक मायक्रोफोनपुढे उभा राहतो, कानांवर हेडफोन चढवितो, आणि आधी मुद्रित केलेल्या तंबोऱ्याच्या व तबल्याच्या जोडीने आपलाच आवाज त्या हेडफोनमधून ऐकत ऐकत गातो. हा आवाज सरळ हवेतून आलेला नसतो. मायक्रोफोन ध्वनीचे रूपांतर विजेच्या कमीअधिक दाबात करतो. एक लहानसे उपकरण त्या दाबाची क्षणोक्षणी मोजणी करून तिचे आकडे बनविते. ते आकडे संगणकात जातात, तेथे त्यांत इतर वाद्यांचे आकडे मिसळले जातात, आणि मग उलट वाटेने आकड्यांची वीज व विजेचा ध्वनी होऊन तो कानी येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या व उजव्या अशा प्रत्येक कानासाठी दर सेकंदाला ४४,१०० मोजण्या नोंदविलेल्या असतात. चित्रपटांच्या कामी ४८,००० मोजण्या घेण्याची रीत आहे. एवढ्या मोजण्या घ्यावयाच्या, वाहून न्यावयाच्या, मिसळावयाच्या आणि परत आणावयाच्या, तर त्यात वेळ जाणारच. प्रश्न एवढाच, की किती?

संगणकाचा प्रोसेसर कितीही शीघ्र असला, तरी तो एकाच धन्याचा नोकर नव्हे. पडद्यावरील चित्र रंगविणे, कळफलकाकडे लक्ष ठेवणे, जाळ्यावरून आलेले संदेश स्वीकारणे अशी शेकडो कामे त्याच्या मागे लागलेली असतात. एकेक मोजणी आली की हातचे काम टाकून तिच्याकडे धाव, असे त्याला सांगितले तर त्याचा सारा वेळ धावपळीतच जाईल. म्हणून काही मोजण्या साठू द्याव्या आणि मग तो गट एकदम उचलावा, अशी योजना केलेली असते. मोजण्या साठविण्याच्या या जागेला बफर म्हणतात.

विहिरीवरची मोट तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. बैल धावेवरून उतरत जातात, मोट वर येते, आणि पाणी भसकन थारोळ्यात पडते. बैल मागे सरत पुन्हा विहिरीशी येईपर्यंत थेंबभरही पाणी वर येत नाही. तरी पाटातून पाणी अखंड वाहत असते, कारण मध्ये थारोळे आहे. बफर म्हणजे संगणकातले थारोळेच होय. थारोळे भरल्यावरच पाटाचे तोंड उघडावयाचे, असा नियम आपण धरून चालू. मग थारोळे मोठे बांधले, तर बैलांनी मध्येच दम खाल्ला तरी पाट कोरडा पडत नाही. परंतु पहिले पाणी वाफ्याला लागण्यास उशीर होतो. लहान बांधले, तर पाणी तत्काळ वाफ्याला लागते. परंतु बैल जरा रेंगाळले की धार तुटते. संगणकात धार तुटली म्हणजे कानात काडी मोडावी तसा 'कट्' असा आवाज येतो. गायन चालू असताना असा आवाज मुद्रित झाला, की ती जागा बिघडली. गायकाला ती तान पुन्हा घ्यावी लागते, आणि पहिल्या वेळेचा रंग दुसऱ्या वेळी भरेलच असा भरवसा नसतो.

हिशोब करून पाहू. सेकंदाला ४८,००० मोजण्या येत असतील, तर १,०२४ मोजण्यांचे बफर भरण्यास २१ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. २५६ मोजण्यांचे ५ मिलिसेकंदांहून थोड्या अधिक वेळात भरते, आणि ६४ मोजण्यांचे तर सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास. आवाज आत येताना एक बफर लागते व बाहेर जाताना दुसरे, म्हणून उशीर दुप्पट धरावयाचा. मोजणी करणाऱ्या उपकरणाचा थोडा वेळ त्यात आणखी मिळवावयाचा. म्हणजे १,०२४ मोजण्यांचे बफर घेणाऱ्या गायकाला आपलाच आवाज जणू १५ मीटरांवरून येत आहे असे वाटते.

स्वतःचा आवाज उशिरा ऐकण्याने माणसाची काय अवस्था होते, याचा अभ्यास संगणक घरोघर येण्याच्या पुष्कळ आधी झालेला आहे. १९५० मध्ये बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने असे दाखवून दिले, की बोलणाऱ्याच्या कानी त्याचाच आवाज सेकंदाच्या काही अंशाने मागाहून घातला, तर अस्खलित बोलणारी माणसेही अडखळू लागतात. जीभ कानाची वाट पाहते आणि कान जिभेची. वाद्य वाजविणाऱ्याचेही असेच होते. बोल मागाहून ऐकू येऊ लागला, की तो नकळत हात आखडता घेतो आणि लय मंदावत जाते. उशीर अगदी थोडा असला तरी गायकाला एक निराळाच त्रास होतो. त्याचा खरा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच्या कानी आधीच पोचलेला असतो. मागाहून आलेला आवाज त्यात मिसळला, की दोन्ही मिळून घड्यात तोंड घालून गाइल्यासारखा पोकळ नाद उमटतो.

या साऱ्या व्यवहारात मोक्याच्या जागी जो बसलेला असतो, तो ड्रायव्हर. हा शब्द ऐकताच मोटार हाकणारा माणूस डोळ्यांपुढे येईल. परंतु येथे ड्रायव्हर हा एक प्रोग्रॅम आहे. प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी. संगणकाच्या कार्यप्रणालीची निराळी. या दोघांमधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. सामान्य दुभाष्याने थोडे थांबून भाषांतर केले तरी चालते. विंडोज नावाच्या कार्यप्रणालीत पुष्कळ वर्षे अशीच व्यवस्था होती. सर्व प्रोग्रॅमांचे आवाज एका जागी गोळा करावयाचे, एकत्र मिसळावयाचे, आणि मग उपकरणाकडे पाठवावयाचे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत या एका मुक्कामी सुमारे ३० मिलिसेकंद जात. नुसते गाणे ऐकणाऱ्याला त्याची काहीच बाधा नव्हती. वाजविणाऱ्याला मात्र होती. जर्मनीतील हँबर्ग शहराच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये यावर एक तोड काढली. संगीताचा प्रोग्रॅम व ध्वनीचे उपकरण यांनी मधला मुक्काम टाळून परस्परांशी थेट कसे बोलावे, याचे नियम तिने ठरवून दिले. त्या नियमांना एएसआयओ असे म्हणतात. त्यांत दोन बफरे असतात. एक रिकामे होत असताना दुसरे भरावयाचे, आणि लगेच पाळी बदलावयाची. आडावर दोन घागरी आळीपाळीने चालाव्यात तसे. मात्र हे नियम पाळणारा ड्रायव्हर उपकरण बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापला लिहावयाचा असे ठरले, आणि त्यामुळे दोषही ज्याचे त्याचे निराळे झाले.

ड्रायव्हर एकदा नीट लिहिला, म्हणजे संपले. तो पुन्हा पुन्हा दुरुस्त का करावा लागतो, असे तुम्ही विचाराल. याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपातच आहे. हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये बेरीज बरोबर आली की काम झाले. ती एक क्षण आधी आली की एक क्षण नंतर, याला महत्त्व नाही. ध्वनीच्या ड्रायव्हरमध्ये उशिरा आलेले बरोबर उत्तर हे चुकीचेच उत्तर होय. आगगाडी सुटल्यावर फलाटावर पोचलेल्या उतारूच्या हाती तिकीट असून काय उपयोग? बेरजेची चूक कागदावर पुन्हा तपासता येते. वेळेची चूक त्या क्षणी घडते आणि त्या क्षणीच नाहीशी होते. शिवाय ती लाखो वेळांत एकदाच घडेल. ६४ मोजण्यांच्या बफराला सेकंदात ७५० वेळा भरावे लागते, म्हणजे तासाला २७ लक्ष वेळा. त्यांतील एकच वेळ चुकली, तरी कान तेवढीच ऐकतो.

पुष्कळदा अपराध एकाचा आणि बोल दुसऱ्याला, असाही प्रकार होतो. 'कट्' असा आवाज आला की लोक ध्वनीच्या ड्रायव्हरला दोष देतात. शोध घ्यावा, तर बिनतारी जाळ्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला नको तितका वेळ अडकवून ठेवत असतो, आणि ध्वनीचा ड्रायव्हर बिचारा दाराशी ताटकळत उभा असतो. कधी वीज वाचविण्यासाठी प्रोसेसरला काम नसताना डुलकी घेण्याची सवय लावलेली असते. बफर लहान असेल तर त्याला जागे होण्यास लागणारा अल्प वेळही भोवतो.

आता एक कोडे पाहा. एका माणसाने आवाज आत घेण्यासाठी एक उपकरण जोडले आणि बाहेर काढण्यासाठी दुसरे. दोन्ही नवी, दोन्ही निर्दोष. तरी दर मिनिटाला, अगदी घड्याळ लावल्यासारखा, एक 'कट्' येतो. असे का व्हावे? प्रत्येक उपकरणात स्फटिकाचे स्वतःचे घड्याळ असते, आणि कोणतीही दोन घड्याळे अगदी तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. समजा, एक सेकंदाला ४८,००० मोजण्या देते आणि दुसरे ४८,००१ खर्च करते. सेकंदाला एकाच मोजणीची तूट! परंतु थारोळे ६४ मोजण्यांचे असेल, तर ६४ सेकंदांनी ते कोरडे पडणार. येथे बफर मोठे केल्याने रोग जात नाही, फक्त लांबणीवर पडतो. ज्या ड्रायव्हरला एकाच वेळी दोन उपकरणे हाकावयाची आहेत, त्याने दोन्ही घड्याळांवर लक्ष ठेवून मोजण्यांची चाल किंचित ताणली किंवा आवळली पाहिजे. ही युक्ती जुन्या आवृत्तीत नसली, तर नव्या आवृत्तीत घालावी लागते.

घड्याळाचा आणखी एक घोटाळा मजेदार आहे. उपकरण ४८,००० च्या चालीने चालले आहे आणि ड्रायव्हर मात्र ४४,१०० ची समजूत धरून बसला आहे, असे झाले की चार मिनिटांचे गाणे ३ मिनिटे ४०।। सेकंदांत आटोपते, आणि षड्जही जवळजवळ दीड अर्धस्वराने वर चढतो. हा दोष कोणाच्याही ध्यानात येतो, म्हणून लवकर दुरुस्त होतो.

खरे घातक दोष गुपचूप राहणारे असतात. ड्रायव्हरने प्रोग्रॅमला आपला उशीर प्रामाणिकपणे सांगावा असा एएसआयओचा नियम आहे. त्या आकड्यावरून प्रोग्रॅम नव्याने मुद्रित केलेला आवाज तितकाच मागे सरकवितो व आधीच्या तबल्याशी जुळवून घेतो. हा आकडा चुकला, तर कोठेही 'कट्' येत नाही, आवाज स्वच्छ असतो, आणि तरीही गायक प्रत्येक समेला किंचित मागे राहिलेला दिसतो. दोष ड्रायव्हरचा, आणि शिक्षा गायकाला! असा दोष पकडण्याची रीत मात्र सोपी आहे. उपकरणाच्या बाहेर जाणाऱ्या छिद्रातून एक तार काढून ती त्याच उपकरणाच्या आत येणाऱ्या छिद्रात खोचावी, संगणकातून एक टिचकी पाठवावी, आणि ती किती मोजण्यांनी परत आली ते मोजावे. ड्रायव्हरने सांगितलेला आकडा व हा आकडा यांत जितके अंतर, तितकी त्याची चूक. मग दुरुस्ती कधी कधी एक संख्या बदलण्यापुरतीच असते.

याहून चमत्कारिक दोष असा, की जो पाहू गेल्यास दिसत नाही. दोष केव्हा घडतो हे कळावे म्हणून ड्रायव्हर लिहिणारे लोक त्याला वाटेत नोंदी करावयास लावतात. पण नोंद करण्यासही वेळ लागतो. त्या वेळाने कामांचा क्रम बदलतो, आणि ज्या दोन कामांची टक्कर होत होती ती आता एकमेकांना चुकवून जातात. नोंदी काढून टाकल्या, की टक्कर पुन्हा हजर. असल्या दोषांपायी जाणती माणसेही आठवडेच्या आठवडे खर्ची घालतात.

नव्या आवृत्तीबरोबर तिच्यात काय काय दुरुस्त केले त्याची यादी देण्याचा प्रघात आहे. 'संगणक झोपेतून उठल्यावर आवाज येत नसे, तो आता येतो'. '३२ मोजण्यांच्या बफरावर येणारी खरखर घालविली'. अशी तिची वाक्ये असतात. काही कंपन्या 'विविध सुधारणा केल्या आहेत' एवढेच लिहून मोकळ्या होतात. माझ्या मते ही रीत बरी नव्हे. वैद्याने काय औषध दिले हे रोग्याला कळले पाहिजे. कारण एका दोषाची दुरुस्ती करताना दुसरा उत्पन्न होणे या धंद्यात नित्याचे आहे, आणि यादी स्पष्ट असली तरच नवा दोष कोठून आला याचा माग लागतो. म्हणून अनुभवी ध्वनिमुद्रक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी आवृत्ती बसवीत नाहीत, आणि जुनी आवृत्ती जपून ठेवतात.

ड्रायव्हर असा घासूनपुसून निर्दोष केला, तरी तो राहतो कार्यप्रणालीच्या घरात. तिने त्याला वेळेवर हाक दिली नाही, तर त्याने काय करावे? लिनक्स या कार्यप्रणालीची कथा या दृष्टीने ऐकण्याजोगी आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टॉरवॉल्ड्स याने ती लिहिण्यास आरंभ केला, आणि पुढे जगभरच्या लोकांनी तिच्यात भर घातली. कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लिनक्सचे कर्नेल प्रारंभी असे होते, की ते स्वतः एखाद्या लांबलचक कामात गुंतले, म्हणजे ते काम संपेपर्यंत कोणाचीही हाक ऐकत नसे. मोठी फाइल तबकडीवर लिहावयास घेतली, की दहा-वीस मिलिसेकंद, आणि कधी त्याहूनही अधिक काळ, ध्वनीला वाली नसे.

संगीताच्या कामी लिनक्स वापरणाऱ्यांनी याबद्दल तक्रार केली, आणि १९९९ च्या सुमारास इंगो मोल्नार या हंगेरियन प्रोग्रॅम-लेखकाने कर्नेलमधील लांब कामे शोधून त्यांच्या मध्ये मध्ये विसाव्याच्या जागा निर्माण केल्या. मूळ प्रोग्रॅमला अशी वरून जोडलेली दुरुस्ती, तिला पॅच म्हणजे ठिगळ असेच म्हणतात. मूळ कर्नेलमध्ये ती स्वीकारली जाईपर्यंत, कर्नेलची नवी आवृत्ती निघाली की ठिगळही नव्याने बेतून लावावे लागे. २००२ मध्ये रॉबर्ट लव्ह यांची एक दुरुस्ती मूळ कर्नेलच्या विकासशाखेत घेण्यात आली. तिच्यामुळे कर्नेलला त्याच्या बऱ्याचशा कामांच्या मध्येच थांबविता येऊ लागले. पण 'बऱ्याचशा' म्हणजे सर्व नव्हेत, आणि उरलेल्यांतच खरी अडचण होती. २००४ पासून मोल्नार, जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर व त्यांचे सहकारी यांनी उरलेली एकेक जागा मोकळी करण्याचे काम हाती घेतले. त्याची गरज आता संगीतापुरती राहिली नव्हती. कारखान्यांतील यंत्रे चालविणाऱ्यांनाही वेळेवर मिळणारी हाक हवी होती.

या कामाला किती काळ लागावा? वीस वर्षे. आणि अगदी शेवटपर्यंत अडून राहिलेली जागा कोणती, ते ऐकून तुम्हांस हसू येईल. कर्नेल स्वतःच्या अडचणींच्या सूचना पडद्यावर छापते. त्या छापण्याच्या कामासाठीच ते बाकीच्या सर्वांना थांबवून ठेवीत असे. रोग सांगणारी जीभच रोगाचे एक मूळ होती. आणि ती कापून टाकण्याची सोय नव्हती. कारण कर्नेल कोसळताना उमटलेले तेच शेवटचे शब्द वाचून दोष शोधावयाचा असतो. म्हणून सूचना तर बुडू नयेत, आणि त्यांच्यासाठी कोणी ताटकळूही नये, अशा रीतीने तो भाग नव्याने लिहावा लागला.

सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेत ग्लाइक्सनर यांनी हे काम मूळ कर्नेलमध्ये घ्यावे अशी विनंती टॉरवॉल्ड्स यांच्या हाती दिली. एरवी अशी विनंती संगणकावरून जाते. ही कागदावर छापलेली व सोनेरी वेष्टनात गुंडाळलेली होती. ती मान्य झाली. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून ही व्यवस्था लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्येच आहे. ज्याला ती हवी, त्याने कर्नेल तयार करताना तसा पर्याय निवडावयाचा. वेगळे ठिगळ शोधून ते प्रत्येक आवृत्तीला नव्याने शिवत बसण्याचे कारण आता उरलेले नाही.